सदर घर

इंदूरहून आत्याचं उत्तर आलं ते आंतर्देशीय पत्रावर. निळा कागद जवळजवळ कोराच होता. मधोमध दोन वाक्यं: "आपल्या घराला सदर होती, घर सदर नव्हतं. आणि मी तुझ्यासाठी 'आपण' कधीपासून झाले?" खाली आशीर्वाद नाही. ८१ वर्षांच्या या बाईनं मला आजवर आशीर्वादाशिवाय एकही पत्र धाडलं नव्हतं.

मी काय लिहिलं होतं ते सांगते. इथे बडोद्यात, मांडवीच्या बाजूला एका पोळीत, म्हणजे जुन्या बंदिस्त गल्लीत, आजोबांचं घर आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याची मागची भिंत बसली. तिथे आता कुणी राहत नाही. भावंडांनी विकायचं ठरवलं, पण आत्याचाही हिस्सा असल्यामुळे तिची संमती हवी होती. पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी ३४ वर्षं एका कचेरीत मसुदे लिहिण्यात गेली आहेत. मी लिहिलं, "सदर घराच्या विक्रीसाठी सर्व वारसांची संमती आवश्यक असल्याने आपण आपली लेखी संमती सत्वर कळवावी." टाइप करून, प्रिंट काढून पाठवलं. वर 'ती. आत्यास सा. न.' एवढंच घरचं.

त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, हेतूही वाईट नव्हता. पण ज्या घरात तिची वेणी घातली गेली, ज्या ओट्यावरून ती बोहल्यावर गेली, ते घर मी एका शब्दात कचेरीच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. आत्याचं निळं पत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसले. आयुष्यभर केलेल्या कामाबद्दल मला पहिल्यांदाच नीट विचार करावासा वाटला.

'सदर' हा शब्द मुळात अरबी. अर्थ छाती, पुढचा भाग, त्यावरून मानाची जागा. वाड्याची सदर ती हीच, जिथे घरचा कर्ता पुरुष बसून देणं-घेणं बघायचा. आमच्या घराची सदर लहानशीच, दोन लाकडी खांबांची. आजोबा तिथे बसून लिहायचे. आणि कागदावर जे आधी, वर येऊन गेलं, तेही 'सदर'. एकाच शब्दाचा एक पाय घरात आणि दुसरा कचेरीत. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, पण शब्दाची ही फोड तिनं एका ओळीत केली.

कचेरीच्या भाषेला अशा शब्दांवाचून चालतच नाही. अर्ज, दाखला, तारीख, मंजूर, हजर, मसुदा, शेरा. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश केला आणि राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत शब्द दिले. साडेतीनशे वर्षं होत आली, तरी आपण अर्ज अजून अर्ज म्हणूनच करतो. आमच्या बडोद्यातही असं काम झालं. सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा १२ वर्षांचे होते. राजघराणं मराठी, रयत बहुतेक गुजराती. त्यांच्या कारकिर्दीत १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. इंग्रजी धरून आठ भाषा. सेंट्रल लायब्ररीत मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा नोकरीत नवी होते आणि मला त्यात फक्त शब्द दिसले. आज त्यामागची चिंता दिसते: हुकूम काढणारा एक भाषा बोलतो आणि तो पाळणारा दुसरी, तर मधला शब्द कुठला असावा?

ही चिंता किती खरी आहे, ते मला एका बाईनं शिकवलं.

माझ्या नोकरीला सहा-सात वर्षं झाली असतील. मसुदे गुजरातीत. सुरुवात ठरलेली, "जय भारत सह जणाववानुं के", म्हणजे जय भारतसह कळवायचं की. मग "उपरोक्त विषय अन्वये". शेवटी "करवामां आवे छे". मराठी कचेरीत 'करण्यात येत आहे' असतं, त्याचंच हे गुजराती भावंड. या रचनेत कर्ता नसतो. कोण करतं, ते कधीच कळत नाही. त्याला कारण आहे. हुकूम कारकुनाचा नसतो, साहेबाचाही नसतो, तो खुर्चीचा असतो. साहेब बदलले तरी हुकूम टिकायला हवा. म्हणून माणूस वाक्यातून काढून घेतात. ही सोय मला अजूनही योग्य वाटते. माझ्या सहीचा अर्ज उद्या माझ्याशी भांडण असलेल्या माणसाच्या हाती गेला, तरी त्यानं माझ्याशी 'खुर्ची' म्हणूनच वागावं, असं मलाही वाटेल.

एका दुपारी खिडकीशी एक बाई आली. नवरा वारलेला, काही रकमेसाठी तिनं अर्ज केला होता. आमचं उत्तर तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाच्या अंगाऱ्याची पुडी ठेवावी तसं जपून आणलं होतं. चेहरा आनंदी. "बेन, माझा अर्ज दफ्तरात घेतला ना? आता पैसे कधी?" मी कागद पाहिला. वाक्य माझंच होतं, "आपनी अरजी दफतरे करवामां आवे छे." मराठीत ज्याला 'दप्तरी दाखल' म्हणतात, ते. म्हणजे प्रकरण बंद. फाइल कपाटात. तिनं ऐकलं होतं ते एवढंच, की आपला कागद सरकारी दफ्तरात गेला, म्हणजे सरकारनं तो आपला मानला.

मी तिला सांगितलं. सांगताना मला गुजरातीत सरळ वाक्य सुचेना, कारण सकाळपासून मी कर्ता नसलेली वाक्यं लिहीत होते. शेवटी म्हटलं, "बेन, नाही मिळणार. एक दाखला कमी आहे. तो आणलात तर परत अर्ज करता येईल." तिनं कागद परत पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली आणि विचारलं, "हे यात लिहिलंय?"

नव्हतं लिहिलं.

त्या दिवसापासून मसुद्याच्या शेवटी मी एक साधी ओळ घालू लागले. अर्ज का बंद झाला, काय आणलं तर परत करता येईल, कुठल्या खिडकीशी यायचं. तेव्हाचे साहेब ती ओळ लाल पेनानं काट मारून परत पाठवायचे. शेऱ्यात 'भाषा' एवढाच शब्द. नंतरच्या साहेबांनी काट मारली नाही. ओळ राहिली. माझ्या ३४ वर्षांतलं मला अभिमान वाटावा असं काम विचाराल, तर मी ती ओळ दाखवीन.

म्हणजे कचेरीत मी घरची ओळ घालायला शिकले, आणि घरी लिहिताना कचेरीच घेऊन बसले. आत्याला ते लागलं.

तिचं पत्र आल्यावर मी आईच्या कपाटातला पत्रांचा गठ्ठा सोडला. आजोबांची पत्रं निम्मी मोडीत. मला मोडी वाचता येत नाही, शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी वाचून दाखवली. आज आपण भाषेचे दोन साज म्हणतो, एक घरचा नि एक कचेरीचा, पण जुन्या लोकांकडे दोन लिप्याच होत्या. पोथी, स्तोत्र, छापायचा मजकूर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. रोजचा हिशेब, पत्र, सरकारी कागद मोडीत, हात न उचलता, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर न करता, झरझर. आणि गंमत ही की गुजरातीचंही तेच होतं. आज जिला आपण गुजराती लिपी म्हणतो ती एके काळी वाणियाशाई, शराफी, महाजनी होती. हिशेब नि पत्रं तिच्यात, ग्रंथ देवनागरीत. पुढे छापखान्याच्या काळात गुजरातीची धावती लिपी पुस्तकात जाऊन बसली, मराठीची धावती लिपी दफ्तरांच्या गाठोड्यात राहिली. बडोद्यात राहणाऱ्या माणसाला हे दोन्ही रोज दिसतं. माझी भाची मराठी लिहिते ती शिरोरेषेशिवाय, कारण शाळेत तिनं गुजराती गिरवलं. तिच्या चिठ्ठीतली अक्षरं डोक्यावरची ओढणी घसरल्यासारखी दिसतात. मला ती आवडतात.

आजोबांच्या पत्रांचा मायना मात्र लिपी कुठलीही असो, पक्का. वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप' आणि 'कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष'. बरोबरीच्यांना 'रा. रा.' आणि 'स. न. वि. वि.'. धाकट्यांना 'चिरंजीव' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद'. मग 'येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे'. शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असावा'. शाळेत आम्ही हे पाठ केलं तेव्हा मला तो निव्वळ भार वाटायचा. आता वाटतं, ज्याला लिहायची सवय नाही त्याला हा केवढा आधार होता. काय लिहू, कसं सुरू करू, हा प्रश्नच नाही. दाराशी चपला काढायची जागा ठरलेली असते तशी. चपला काढल्या की माणूस आत येतो.

आणि आत काय असायचं? बाबा नोकरीसाठी मुंबईला होते तेव्हाचं आजोबांचं एक पत्र आहे. वर दीड ओळ मायना, खाली दीड ओळ समाप्ती. मधे रेशनचा भाव, गाईचं दूध कमी झाल्याची बातमी, आणि मग एक वाक्य: "तू गेल्यापासून जिन्यावर कोणी पळत नाही." पुढे लगेच 'बहुत काय लिहिणे'. ते वाक्य समोरासमोर आजोबा बोलले नसते. बाबाही त्यांना 'तुम्ही' म्हणणारे, त्यांनीही ऐकून घेतलं नसतं. दोन्ही बाजूंनी मायन्याचे खांब होते म्हणून मधली ती ओळ उभी राहिली. औपचारिक म्हणजे कोरडं, हे मी तेव्हापासून मानत नाही.

पण प्रत्येक मायना जपण्यासारखा नाही, हेही त्याच गठ्ठ्यात आहे. बाबा गेले त्या महिन्यापर्यंत आईला आलेल्या लखोट्यांवर 'सौ.' आहे. पुढच्या महिन्यापासून 'गं. भा.'. गंगा भागीरथी. लिहिणाऱ्यांच्या मनात आदरच होता, मला शंका नाही. तरी टपाल येईल तेव्हा नावाआधी ती दोन अक्षरं. पोस्टमनलाही कळावं, शेजाऱ्यालाही कळावं. गुजरातीत लग्नाची कंकोत्री आणि मरणाची काळोतरी, असे दोन वेगळे कागद असतात, आणि ते एकेकदाच येतात. हा मायना मात्र रोज काळोतरी घेऊन यायचा. आई काही बोलली नाही. पण तिनं ते लखोटे उघडताना नाव असलेली बाजू खाली धरलेली मी पाहिली आहे. मी कुणालाही 'गं. भा.' लिहीत नाही. आत्याचे यजमान गेले त्यानंतरही 'ती. आत्यास' एवढंच लिहिते.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यावर माझा जीव आहे. मराठीत कचेरी आणि घर यांच्यातलं अंतर कित्येकदा एका टिंबाइतकं असतं. 'केले' आणि 'केलं'. 'असे' आणि 'असं'. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले, त्यातच याला जागा आहे: बोलणं जसंच्या तसं दाखवायचं तर अक्षरावर अनुस्वार, एरवी मात्रा. म्हणजे तोंडचा शब्द कागदावर यायला नियमानंच एक दार उघडं ठेवलं. मी पत्रात 'आपण संमती कळवावी' लिहितानाच थांबायला हवं होतं. आत्याशी फोनवर मी 'अगं, कळव ना' म्हणते.

घरच्या बोलण्याला तर आमच्याकडे वेगळीच चव आहे. शेजारच्या काकी म्हणायच्या, "बारणुं वास." गुजरातीत त्याचा अर्थ दार बंद कर. मराठीत वासणं म्हणजे उघडणं, आपण आ वासतो, चोच वासतो. आमच्या घरात सगळे मराठी, तरी 'दार वास' म्हटलं की दार बंद व्हायचं. पुण्याची मावसबहीण सुट्टीत आली, तिला आईनं थंडीत 'दार वास गं' सांगितलं तर तिनं दोन्ही फळ्या सताड उघडल्या. हा शब्द मी मसुद्यात कधी लिहिला नाही, निबंधात लिहिला तर बाईंनी लाल रेघ मारली. पण ज्याला तो कळतो, तो आमच्या जिन्यावरून वर-खाली केलेला माणूस आहे, एवढं नक्की.

आठवड्यानं मी आत्याला पुन्हा पत्र लिहिलं. हातानं.

"ती. आत्यास शि. सा. न. वि. वि. आत्या, चुकलं माझं. घर विकावं असं आम्हा भावंडांना वाटतंय. मागची भिंत बसल्यापासून चौकट कलली आहे, मागचं दार वासत नाही. रात्री कुत्री आत शिरतात. सदरेचे दोन्ही खांब धड आहेत, ते उतरवून ठेवू. एक तुला हवा असेल तर सांग. विकू नका म्हणालीस तर नाही विकणार, आपण दुसरं काही बघू. हो म्हणालीस तर संमतीचा एक कागद पाठवीन. त्यात सदर घर आणि आपण असंच असेल, कारण तो कचेरीला वाचायचा आहे. हे पत्र तुला वाचायचं आहे. गुडघ्याला तेल लावतेस का? लोभ आहेच."

या पत्रातला 'आपण' वेगळा. त्यात ती आणि मी दोघी आहोत. मागच्या पत्रातल्या 'आपण'मध्ये मी नव्हते. शब्द तोच, कागद तोच, लिहिणारी तीच.

उत्तर लवकर आलं. वर 'चि.', खाली 'अनेक उत्तम आशीर्वाद', आणि मधे चार बाजूंनी समासात वळवून लिहिलेला मजकूर. भिंतीबद्दल, चिंचेच्या झाडाबद्दल, कुणाच्या तरी बारशाबद्दल. शेवटी, "खांब नको, कुठे ठेवू? विका. पण कागद वाचल्याशिवाय मी सही करणार नाही."

म्हणून दस्तावेजाच्या दिवशी ती मुलाबरोबर बडोद्याला आली. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत लाकडी बाकावर आम्ही तिला मधे बसवलं. दस्तावेज गुजरातीत, २२ पानं. तिला गुजराती बोलता येतं, पण छापील अक्षर आता दिसत नाही. मी वाचत गेले. लिहून देणार, लिहून घेणार, सदर मिळकत, वंशपरंपरा, बोजारहित. मी मधेच मराठीत सोपं करून सांगू लागले तेव्हा तिनं हात धरला. "सोपं करू नकोस. जसं आहे तसं वाच."

मग चतुःसीमा आली. घर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते चार दिशांनी लिहितात. हा मजकूर जुन्या दस्तावेजातून नव्यात उतरवला जातो, त्यामुळे त्यात कधी कधी शेजारी बदलत नाहीत. पूर्वेस पोळीचा जाहीर रस्ता. उत्तरेस विहिरीची सामाईक जागा. ती विहीर माझ्या जन्माआधी बुजवली. पश्चिमेस एका वैद्यांच्या घराची भिंत, त्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मी ते वैद्य कधी पाहिले नाहीत. दक्षिणेस एका सराफाचा ओटला.

"त्या ओटल्यावर आम्ही सागरगोटे खेळायचो," आत्या म्हणाली. "आणि विहिरीशी मला जायची बंदी होती. वैद्यांची बायको भिंतीवरून आवळे द्यायची." शाई लावलेला अंगठा तिनं हवेत तसाच धरला होता. खिडकीतला माणूस आमच्या नंबराची वाट बघत होता.

"परत वाच," ती म्हणाली. "पूर्वेपासून."